फडाला मात्र तुम्हीच

“बाई, नुसतं उभं नका राहू. जरा ठसका दाखवा की!”

माइक तोंडाशी धरून संचालिका हे म्हणाल्या. सभागृह हसले. मागच्या रांगेतून कोणीतरी शिट्टी मारली. तिला दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आले.

मी त्र्याहत्तर वर्षांची. सुती साडी, बारीक काठ. हातात दुसरा माइक. तो मला कशासाठी दिला होता, हे त्या क्षणी समजले.

स्वारगेटजवळच्या त्या सभागृहात एका बॅले संस्थेच्या नव्या हंगामाची घोषणा चालली होती. आमच्या मागे मोठ्या पडद्यावर चार नावे झळकत होती. दोन जुनी, परदेशांत पिढ्यानपिढ्या होत आलेली नृत्यनाट्ये. दोन नवी. नव्यांपैकी एक ‘उषा’, वैदिक सूक्तावर बसवलेले. दुसरे ‘फड’, तमाशावरचे. मी या संस्थेत उषेसाठी आले होते. मला उभे केले गेले ते फडासाठी.

“या आमच्या ‘फड’ची प्रेरणा,” संचालिका नुकत्याच म्हणाल्या होत्या. “यांच्या मातोश्री तमाशात नाचायच्या. एकदम अस्सल! यांच्या रक्तातच आहे ते.”

अस्सल. तुपाविषयी बोलावे तसे.

मी मान खाली घातली नाही. मला एकाएकी फार थकवा आला. रागाला अंगात बळ लागते, तेवढेही बळ नव्हते. हेच शब्द मी पूर्वी ऐकले आहेत, एवढेच मनात आले. दर वेळी माणसे नवी, घर नवे, वाक्य तेच.

माझी आई खरोखरच फडात नाचत असे. मी लहान असतानाच तिने मला पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहात आणून ठेवले. निघताना अधीक्षिकाबाईंना म्हणाली, “हिला पायाचं काय बी शिकवू नगा. तोंडाचं शिकवा.” अधीक्षिकाबाई हसल्या. आई हसली नाही.

शाळेत स्नेहसंमेलन आले. मी सुभाषितांच्या स्पर्धेसाठी हात वर केला. वर्गशिक्षिकांनी माझे नाव न विचारता नृत्यात घातले. “तुला काय शिकवायचं? तुझ्या अंगातच आहे ते.” मला नाचता येत नव्हते. आजही येत नाही. ताल कानात शिरतो, पायात उतरत नाही. रंगमंचावर मी धडपडले. मुली हसल्या, त्यांच्या आया हसल्या, आणि शिक्षिका मात्र रागावल्या. जणू मी मुद्दाम लबाडी करून माझे रक्त त्यांच्यापासून लपवले होते.

पुढे मला गुरुजी मिळाले. शाळेत संस्कृत शिकवीत. स्त्रीने वेद म्हणावा की नाही, असा प्रश्न त्यांना त्यांच्याच आळीतले लोक विचारीत, आणि ते सांगत, “आधी उच्चार, मग अर्थ, मग वाद. तुम्ही उच्चारापर्यंत आलात की आपण पुढचं बोलू.” त्यांनी मला माझे कूळ विचारले नाही. मला ठाऊक आहे, हे त्यांचे थोरपण होते. पण कोणी आपल्याला काही विचारले नाही, याबद्दल जन्मभर कृतज्ञ राहावे लागणे, हेही ओझेच. ते मी नम्रपणे वाहिले. मी संस्कृत शिकले, संस्कृत शिकवले, त्याच नोकरीतून निवृत्त झाले. रोज पहाटे स्नान करून उषेचे सूक्त म्हणते. विश्रांतवाडीतल्या माझ्या गॅलरीसमोर आता इमारत उभी आहे. पूर्व दिसत नाही. तरी म्हणते. देवता दिसली तरच तिला हाक मारावी, असा काही नियम नाही.

ते पठण कोणीतरी कुठेतरी ऐकले असावे. बॅले संस्थेकडून बोलावणे आले. मला घ्यायला गाडी येई. हिंजवडीतल्या एका जुन्या गोदामात त्यांची तालीम चाले. दिवसभर कंपन्यांत संगणकापुढे बसणारी मुले-मुली संध्याकाळी तिथे येत, बूट बांधत आणि बोटांच्या टोकांवर उभी राहत. आरंभी माझे आणि त्यांचे जमेना. सूक्ताचा चरण अकरा अक्षरांचा. त्यांची मोजणी आठाची.

“आजी, सॉरी हं,” ईशा म्हणाली. ही त्यांच्यातली मुख्य नर्तिका. “तीन अक्षरं एक्स्ट्रा होतायत.”

“एक्स्ट्रा नाहीत गं. ती तेवढीच आहेत. तुमचे आठ कमी पडतायत.”

सगळी हसली. मीही हसले. मग एके दिवशी त्यांनी मोजणे सोडून दिले आणि माझ्या श्वासावर पाऊल टाकले. मी चरण संपवून क्षणभर थांबले, तशा पंधरावीस देह हवेत थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आले. जे मी इतकी वर्षे बंद गॅलरीत म्हणत होते, त्याला शरीर मिळाले होते. त्या हंगामाकडून मला एवढेच हवे होते. उषेच्या प्रयोगाला रंगमंचाच्या कडेला बसून हे सूक्त म्हणावे, आणि ते माझ्या नावाने म्हणावे. लोभ म्हणा हवा तर. मला तो पूजेसारखा वाटत होता.

एका तालमीनंतर ईशा बूट काढून बसली होती. अंगठ्याचे नख काळे पडलेले. मी पाहिले, तशी तिने पाय ओढून घेतले.

“नका बघू आजी. भयंकर दिसतात.”

“माझ्या आईचे पाय याहून वाईट होते.”

“त्या पण डान्सर होत्या?”

“फडात नाचायची. तमाशात.”

“वॉव,” ईशा म्हणाली. त्या ‘वॉव’मध्ये वाईट काही नव्हते. तिने ते कौतुकाने दोघा-तिघांना सांगितले. कौतुक फिरत फिरत संचालिकांच्या खोलीत पोहोचले.

मला आत बोलावले. संचालिका होत्या आणि संस्थेचे एक विश्वस्त होते. पेठेतले गृहस्थ, चष्मा कपाळावर.

“बाई, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?” संचालिका म्हणाल्या.

“आपण विचारलं नव्हतं.”

“आम्ही ‘फड’साठी कुठे कुठे फिरतोय! आणि खजिना इथेच बसलाय. तुम्ही आता ‘फड’मध्ये या. सुरुवातीला फक्त उभं राहायचं, आईबद्दल दोन शब्द, थोडा हात, थोडी अदा. तुम्हाला काय कठीण?”

“मी उषेत आहे.”

तेव्हा विश्वस्त बोलले. अगदी प्रेमाने बोलले. “अहो बाई, संस्कृत म्हणणारे पुण्यात गल्लीत चार सापडतील. उषा कोणीही म्हणेल. फडाला मात्र तुम्हीच.”

त्यांना वाटत होते की ते माझा गौरव करीत आहेत. हे मी ठामपणे सांगते, कारण यातले दुखणे तिथेच आहे. पूर्वी म्हणत, तू अमक्या घरची, तुला संस्कृत कशाला? आता म्हणतात, तुम्ही अमक्या घरच्या, वा! संस्कृत कशाला?

“मग उषेत पठण कोण करणार?” मी विचारले.

“आवाज तुमचाच,” संचालिका म्हणाल्या. “तालमीत केलेलं रेकॉर्डिंग काय सुंदर झालंय! स्टेजवर एक तरुण मुलगा बसवू. सोवळं नेसून, उघड्या अंगाने. व्हिज्युअल म्हणून ते बरं दिसतं.”

“आणि नाव?”

त्यांनी विश्वस्तांकडे पाहिले. “वेदपठण: समूह, असं देऊ. कसंय बाई, दोन्हीकडे तुमचंच नाव आलं की लोक कन्फ्यूज होतात. गोष्ट कशी स्वच्छ पाहिजे.”

स्वच्छ. म्हणजे वेद एका पात्रात, तमाशा दुसऱ्या पात्रात. एकाचा थेंब दुसऱ्यात नको. माझ्या एकाच देहात दोन्ही नांदले, ही त्यांच्या दृष्टीने सांडलवंड.

मी काय म्हटले? “पाहू.” एवढेच. उठले, नमस्कार केला, गाडीत बसले. वाटेत वाहतूक तुंबली होती. चालक म्हणाला, “आज्जी, झोपा निवांत. तास जाईल.” मी डोळे मिटले, पण झोप आली नाही. शास्त्र सांगते, क्षमा हे थोरांचे भूषण. मी ते भूषण जन्मभर अंगावर बाळगले. त्या संध्याकाळी प्रथमच तपासून पाहिले. त्यात क्षमा थोडी होती. उरलेली सवय होती. न बोलण्याची सवय.

तरीही मी घोषणेच्या कार्यक्रमाला गेले. मनात आशा होती की प्रत्यक्ष मंचावर तरी त्यांना संकोच वाटेल. सत्तरी उलटलेल्या बाईकडून ठसका कोण मागेल?

मागितला.

शिट्ट्या थांबल्या. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी माइक तोंडाशी नेला.

“मला नाचता येत नाही,” मी म्हटले.

पुन्हा हशा. त्यांना वाटले, बाई लाडात आल्या.

“थट्टा नाही. मला खरोखर येत नाही. माझ्या आईला येत होतं. ती पोटासाठी नाचली. लोक अशाच शिट्ट्या मारत, आत्ता मारल्यात तशा. तिने मला त्या शिट्ट्यांतून उचललं आणि शाळेत टाकलं. मी संस्कृत शिकले. ‘उषा’मध्ये तुम्ही जो आवाज ऐकणार आहात, तो माझा आहे. तिथे माझं नाव नाही. जिथे मी काहीच केलेलं नाही, तिथे मात्र आहे.”

एक मोबाइल वाजला आणि घाईने बंद झाला. संचालिका माझ्याकडे सरकल्या. ओठ हसरे, डोळे नव्हेत.

“बाई जरा भावुक झाल्यात—”

“मी भावुक नाही. थकले आहे. माझा आवाज उषेतून काढा. माझ्या आईचं नाव फडातून काढा.”

माइक मी टेबलावर ठेवला. पायऱ्या उतरले. गुडघे दुखतात, त्यामुळे कठडा धरून, सावकाश. एवढ्या लोकांदेखत सावकाश उतरणेही त्या वेळी मला अवघड वाटले नाही.

विंगेमागच्या बोळात दोघांनी मला गाठले.

“पत्रकार बसलेत समोर,” संचालिका म्हणाल्या. “हे आम्हाला खासगीत नाही सांगता आलं?”

“खासगीत सांगितलं होतं. नाव विचारलं होतं.”

विश्वस्तांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “एवढं काय झालं हो? आईची लाज वाटते की काय?”

हा प्रश्न फार जुना आणि फार हुशार. आईविषयी बोललो नाही तर लाज. बोललो तर मग नाचा.

“लाज वाटली असती तर ईशाला सांगितलंच नसतं,” मी म्हटले. “तिचे पाय पाहून मला आईचे आठवले. आपल्याला पाय आठवले नाहीत. शिट्टी आठवली.”

उत्तर ऐकायला मी थांबले नाही. स्वारगेटवरून बस धरली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी संचालिकांचा फोन आला. आवाज मऊ. त्यांनी रात्री दुसरे दोन आवाज लावून पाहिले होते. मुलांचे पाय थांबत नाहीत म्हणाल्या. जिथे सूक्त श्वास घेते तिथे मुले धडपडतात.

“बाई, तुमच्याशिवाय उषा उभी राहत नाही. मी विश्वस्तांशी भांडले. तुमचं नाव देऊ. मोठ्या अक्षरात. तुम्हीच स्टेजवर बसा, मुलगाबिलगा नको.”

मी ऐकत होते. हे खरे आहे की मला मोह झाला. जे मागितले होते, ते सगळे समोर आले होते.

“फक्त एक,” त्या म्हणाल्या. “फडात आईचं नाव राहू द्या, आणि त्यांचा एखादा फोटो द्या. तुम्ही येऊही नका. प्रायोजकांना ते फार आवडलंय. एवढं माझ्यासाठी करा.”

माझ्याकडे आईचे एकच छायाचित्र आहे. त्यात ती नाचत नाही. वसतिगृहाच्या दारात उभी आहे, डोक्यावर पदर, आणि तिचा चेहरा घाबरलेला आहे. ते मी कोणाला दाखवलेले नाही. क्षणभर, फक्त क्षणभर, मी कपाटाकडे पाहिले. मग स्वतःचाच संताप आला. इतक्या वर्षांनी, प्रथमच, थकव्याखालून संताप वर आला. स्वच्छ, तापलेला. देवघरात दिवा होता, त्याच्यासमोर आला, आणि मला तो अपवित्र वाटला नाही.

“नाही,” मी म्हटले.

“बाई, नीट विचार करा. तुमचं नाव—”

“माझं नाव मला आईच्या बदल्यात नको.”

फोन ठेवला.

हंगाम सुरू होईल. जुनी नृत्यनाट्ये होतील, नवी होतील. उषेला दुसरा आवाज मिळेल, मुले हळूहळू त्याच्यावर थांबायला शिकतील. मला त्याचे दुःख आहे, आणि ते मी लपवीत नाही. मला तिथे बसायचे होते.

पण यापुढे कोणी मला बोलावले, तर मी आधी विचारणार आहे की मला कशासाठी बोलावता. सूक्तासाठी बोलावलेत, तर माझ्या नावाने बोलवा, मी येईन. आईसाठी बोलावलेत, तरी येईन. मात्र तेव्हा उभी राहून मी तिच्या पायांविषयी बोलेन. ते कोणी सुजवले, कोणी विकत घेतले, शिट्टी मारून कोण घरी गेले आणि सकाळी सोवळे नेसून कोण पूजेला बसले, हे सगळे सांगेन. शुद्ध उच्चारात सांगेन. ऐकायची तयारी असेल, त्यानेच मला माइक द्यावा.