पाठमोरं मतदान

मराठी वाङ्मय मंडळाचा विद्यार्थी सचिव म्हणजे नेमकं काय, हे मुलुंडमधल्या आमच्या कॉलेजबाहेर कोणाला समजावणं अवघड आहे. वर्षातून चार कार्यक्रम. पाहुण्यांना शाल द्यायची, नारळ द्यायचा, समई विझू नये म्हणून पंखा बंद करायला सांगायचं आणि सगळे घामाघूम झाले की परत चालू करायला सांगायचं. निमंत्रणपत्रिकेवर नाव सगळ्यात खाली, पण ठळक. या थाटाची मी अकरावी-बारावीची दोन वर्षं मनसोक्त टिंगल केली होती. तिसऱ्या वर्षी मात्र मला ते पद इतकं हवं होतं, की निवडणुकीच्या दिवशी सकाळी पोह्यांचा घास गिळता येईना.

"अगं, निवडणूक आहे, ऑपरेशन नाही," आई म्हणाली.

ऑपरेशनला निदान भूल देतात, हे मला सुचलं होतं. पोह्यांची ताटली मी तिच्याकडे सरकवली.

कारण साधं होतं. दोन वर्षं मंडळाचं भित्तिपत्रक मी लिहीत होते. माझं अक्षर चांगलं आहे आणि मंडळात माझी ओळख तेवढीच होती. "अक्षरवालीला बोलवा रे." मजकूर काय, पाहुणे कोण, हे बाकीचे ठरवायचे आणि मग माझ्या हातात स्केचपेनं द्यायचे. या मुलीला अक्षराशिवाय आणखी काही येतं, असं मंडळाला वाटतं का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. उत्तर 'नाही' आलं तर ते सगळ्यांदेखत, मोजून येणार होतं.

उभी राहा म्हणून माझ्या मैत्रिणीनेच डोकं खाल्लं होतं. "किती दिवस दुसऱ्यांचे निबंध सुवाच्य करत बसणार, यार? मी होते ना सूचक. मी आहे, घाबरतेस काय?" माझ्या अर्जावर सूचक म्हणून तिची सही होती. अकरावीपासून आम्ही एका बाकावर बसत होतो.

विरोधात एकच उमेदवार होता. हा मुलगा जुलैच्या दमट हवेतही जाकीट घालायचा आणि कँटीनमध्ये चहा मागायच्या आधी घसा खाकरायचा. तो घाटकोपरला मैत्रिणीच्याच बिल्डिंगमध्ये, तिच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहायचा. हे मला माहीत होतं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, हे सुचलं नव्हतं.

मंडळाची मतदानाची पद्धत जुनी होती. चिठ्ठ्यांना वेळ लागतो म्हणून हात वर करून मतदान. पण कोणी कोणाला मत दिलं हे उमेदवारांना कळून मनं दुखायला नकोत, म्हणून त्यांनी वर्गाकडे पाठ करून फळ्याकडे तोंड करायचं. मंडळाच्या मॅडम हात मोजणार, आकडा सांगणार, मग वळायचं. इतकी वर्षं याने कोणाचं मन दुखलं नव्हतं, निदान तसं सांगायची पद्धत होती.

भाषणात मी काय बोलले, ते आठवत नाही. गुडघे टेबलामागे होते, हे आठवतं. त्याचं भाषण 'मित्रहो'पासून सुरू झालं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

मग आम्ही दोघं वळलो.

समोर फळा नव्हता. त्या वर्षी फळा काढून वर्गाला भिंतभर मोठा स्क्रीन बसवला होता. तो बंद होता, काळा, चकचकीत. त्यात सगळा वर्ग दिसत होता. मॅडमचं पेन, मागच्या बाकावरचा डबा, दाराशी बसलेली माझी मैत्रीण. हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी शेजारी पाहिलं. जाकीटवाल्याने डोळे घट्ट मिटले होते. इथेही नाटक, असं मला वाटलं.

मॅडमनी आधी त्याचं नाव घेतलं. हात वर व्हायला लागले. भराभर, मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. आणि दाराजवळ, बाकावर कोपर टेकवून, जेमतेम कानापर्यंत, एक हात वर झाला. माझ्या सूचकाचा.

हरण्याची तयारी मी केली होती. याची नव्हती.

"सोळा," मॅडम म्हणाल्या. मग माझं नाव. मैत्रिणीचा हात पुन्हा वर झाला, या वेळी सरळ, उंच.

"सोळा." मॅडम थांबल्या. "बत्तीस कसे झाले? बसलेत एकतीस. कोणीतरी दोनदा हात वर केलाय."

"मॅडम, सगळ्यांनाच दोन हात आहेत!" मागून कोणीतरी ओरडलं. वर्ग हसला. मैत्रीण हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"परत घेऊ. एकाने एकदाच, काय?"

मी वळून सांगू शकत होते, मॅडम, यात सगळं दिसतंय. निदान डोळे मिटू शकत होते. दोन्हीसाठी पुरेसा वेळ होता. मी तिच्याकडे बघत राहिले. त्याचं नाव पुकारलं गेलं, तिने मान वर केली, आणि त्या काळ्या काचेत माझे डोळे तिला सापडले.

तिचा हात खांद्यापर्यंत आला होता. तो तिथे थांबला, केसांकडे गेला आणि उगाचच क्लिप काढून परत लावत राहिला.

"पंधरा," मॅडम म्हणाल्या. आणि मग माझे, "सोळा. चला, झालं एकदाचं."

टाळ्या वाजल्या. जाकीटवाल्याने हात पुढे केला. त्याचा तळवा माझ्याइतकाच ओला होता. "अभिनंदन," तो म्हणाला आणि हळूच विचारलं, "तुला काही दिसत होतं का गं त्यात? मी तर पहिल्यापासून डोळेच मिटले. फाटली होती माझी."

"नाही," मी म्हणाले.

बसस्टॉपपर्यंत मैत्रीण सोबत आली.

"त्याच्या आईने घरी येऊन सांगितलं होतं, त्याला मत दे म्हणून," ती शेवटी म्हणाली. "माझ्या आईने माझ्यासमोरच हो म्हटलं. तुलाही मी हो म्हटलेलं. वाटलं, दोघांनाही दिलं की झालं."

"मग नंतर?"

"नंतर काय. तू अशी बघत होतीस." तिने रस्त्याकडे पाहिलं. "भीती वाटली मला तुझी."

आजवर मला कोणी असं म्हटलं नव्हतं. सकाळपासून त्या वर्गात घाबरलेली मी एकटीच आहे, अशी माझी समजूत होती. तिची बस आली. एरवी ती माझी बस येईपर्यंत थांबायची. त्या दिवशी चढून गेली.

ते वर्ष मी सचिव होते. शाली दिल्या, पंखे बंद करवले. ती प्रत्येक कार्यक्रमाला यायची, दाराशी बसायची, विचारलं तर सगळं ठीक आहे म्हणायची.

पुढच्या निवडणुकीच्या दिवशी मी लवकर गेले आणि स्क्रीनवर तपकिरी कागद चिकटवायला घेतला. नुसता कागद बघून कोणी कारण विचारेल, म्हणून त्यावर मोठ्या अक्षरात 'मतदान' लिहिलं. मॅडम आल्या, म्हणाल्या, "काय सुरेख अक्षर आहे गं तुझं!"

वरच्या कोपऱ्यापर्यंत माझा हात पोचत नव्हता. मैत्रीण कधी आत आली कळलं नाही. तिने न बोलता माझ्या हातातली टेप घेतली, खुर्चीवर चढून कोपरा चिकटवला. मग खाली उतरून, उमेदवार उभे राहतात तिथे जाऊन, कागदासमोर उभी राहिली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"काही दिसत नाही," ती म्हणाली, आणि दाराजवळ जाऊन बसली.