कोणी तरी विसरून गेलेला हात

सख्ख्या बहिणीपासून मी तिच्या डोळ्यांसमोर बसून लपत होतो. ही गोष्ट मी इतकी वर्षे कोणालाही सांगितलेली नाही. वाचक अद्भुत म्हणतील असा एक प्रसंग मला सांगायचा आहे. पण माझा अपराध झाकून तो सांगितला, तर ते अर्धेच सत्य होईल.

मी शहाद्याच्या एका शाळेत शरीरविज्ञान शिकवीत असे. मेंदू, मज्जारज्जू, मज्जातंतू यांच्या आकृत्या फळ्यावर काढण्यात माझे आयुष्य गेले. ‘अंगात येणे’ हा शब्द वर्गात कोणी उच्चारला, तर मी खडू खाली ठेवून त्या मुलाला शांतपणे समजावीत असे. जे शरीरात घडते त्याचे कारण शरीरातच असते, अशी माझी खात्री होती... आजही बहुतांशी आहे.

महाराष्ट्र राज्य झाले, त्याच्या आदल्या हिवाळ्यात आक्काला अर्धांगवायूचा झटका आला. आक्का माझी थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळे तिनेच मला वाढविले. पुढे लहान वयात वैधव्य आले आणि ती आमच्या गावी, कळसाडीच्या घरी परतली. मी विधुर, मूलबाळ नाही. झटक्यानंतर मी तिला शहाद्याला आणले. घरात आम्ही दोघेच.

चिंचपाड्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला तपासले आणि मला बाजूला घेऊन सांगितले, “मास्तर, मेंदूचा उजवा भाग दुखावला आहे. त्यामुळे डावा हात-पाय गेला. पण दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. यांचे डोळे शाबूत आहेत, तरी डावी बाजू म्हणून काही असते हेच यांचा मेंदू विसरला आहे. तिकडचे दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही.”

तसेच होते. आक्का ताटातली उजवीकडची अर्धी भाकर खाई आणि “आज भाकर लहान कयी का?” असे विचारी. केसही उजवीकडचेच विंचरी. शेजारच्या मोंघीकाकू दुपारी तिच्यापाशी येऊन बसत. त्या हसत म्हणत, “आक्का, अर्धाच केस इचऱ्यात. बाकीना कोनासाठे ठेयात?”

“इतलाच तर शेतस मन्हा केस! म्हातारपनमा आखो किती ऱ्हातीन?”

आणि तो डावा हात... तो तिला आपला वाटतच नसे. गोधडीवर पडलेला तो हात उजव्या हाताला लागला, की ती चकित होई. “हाऊ हात कोना शे? कोन इसरी गया आठे?” मी एकदा तिला खांद्यापासून बोटांपर्यंत दाखवून पटविण्याचा प्रयत्न केला. तिने शिष्याचे ऐकून घ्यावे तसे माझे ऐकून घेतले आणि म्हणाली, “भाऊ, ज्याना व्हई तेले दी टाक. वाट दखत व्हई बिचारा.”

शाळेतून आलो, की तिचा एकच प्रश्न असे. “भाऊ, माले कळसाडीले कव्हय लई जाशी?” तिला गावी कधी नेणार, एवढेच. पण कळसाडीच्या घरात तिचे करणारे कोणी उरले नव्हते. मी समजावीत असे. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न, त्याच गोड आवाजात, जणू पहिल्यांदाच. महिनाभर मी उत्तर दिले. मग एके संध्याकाळी डावीकडच्या दाराने आत आलो आणि दमून तिच्या खाटेच्या डाव्या अंगाला, जमिनीवर टेकलो. उजवीकडे तोंड करून आक्का स्वतःशीच पुटपुटली, “शाळामाईन अजून उना नई वाटस.”

मी तर आलो होतो, हातभर अंतरावर होतो. उत्तर द्यायला तोंड उघडलेही होते... दिले नाही. ती शांतता मला हवीहवीशी वाटली.

पुढे ते रोजचेच झाले. वहाणा मी अंगणातच काढीत असे. भिंतीला पाठ लावून मुलांच्या वह्या तपाशीत असे. पान उलटतानाही आवाज होऊ देत नसे. ती हाक मारी — “भाऊ... ए भाऊ...” — आणि थांबे. मग आणखी हळू आवाजात एकदा. एरवी मेंदूची ती जखम मुलांना समजावून सांगताना माझे डोळे भरून आले असते. मी मात्र त्या जखमेचा आडोसा केला होता. भरल्या घरात तिला एकटे पाडले होते, आणि खरे सांगायचे तर, तिच्या शेजारी बसून मीही पूर्वी कधी नव्हतो इतका एकटा झालो होतो.

फाल्गुनातली दुपार होती, शाळेला सुट्टी होती. मोंघीकाकू खाटेच्या उजवीकडे सुपात डाळ निवडीत होत्या. मी नेहमीच्या जागी होतो. आक्काने विचारले, “का वं मोंघी, भाऊ आते घर येतच नई का?”

काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी ओठांवर बोट ठेवले. ते बोट मला आजही आठवते.

काकू माझ्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “येस व्हई. मोठा मानूस शे. तेले कितलं काम ऱ्हास!”

“कटाळना व्हई माले,” आक्का म्हणाली. “मी मरसू तव्हय तरी येई ना तो?”

मी मान खाली घातली. तेवढ्यात गोधडी सरकल्याचा आवाज आला आणि माझ्या केसांत बोटे शिरली.

तो डावा हात होता. झटका आल्यापासून एकदाही न हललेला. तो माझ्या कपाळावरून मागे गेला, कानामागे थांबला, पुन्हा कपाळावर आला. लहानपणी ताप आला की आक्का असाच हात फिरवी, कानामागे असाच थांबवी. मी वर पाहिले. आक्काचे तोंड उजवीकडेच होते.

काकूंचे सूप थांबले. “आक्का... तुन्हा हात...”

“कोना हात? मन्हा तर हाऊ शे.” तिने उजवा हात उचलून दाखविला.

“तो नई. तठे पडेल व्हता तो.”

“तो? काय करी ऱ्हायना तो?”

“भाऊना डोकावरथून फिरी ऱ्हायना, बाई.”

आक्काने उचललेला उजवा हात पुन्हा खाली ठेवला. मग म्हणाली, “तेले सापडी गया का भाऊ? भला हात शे. माले तर सापडत नई.”

हे मी पुढे डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले. निकामी झालेल्या स्नायूंना कधी कधी आचके येतात, असे ते म्हणाले. मी ते मान्य करतो. असे आचके मीही पुस्तकात वाचले आहेत. पण आचक्याला कानामागे थांबणे कसे ठाऊक असावे, हे मी विचारले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. तो हात पुन्हा कधीही हलला नाही. मेंदूच्या आकृतीत ती आठवण ठेवणारी जागा मी पुष्कळ शोधली. आजही शोधतो.

त्या दुपारी तो हात हळूहळू सैल होऊन माझ्या खांद्यावर पडला, तेव्हा मी तो दोन्ही हातांनी उचलून गोधडीवर ठेवला. मग उठलो, खाटेला वळसा घातला आणि तिच्या उजवीकडे, तिच्या तोंडासमोर जाऊन बसलो. काकू सूप घेऊन उठू लागल्या. मी त्यांना थांबण्याची खूण केली, कारण त्यांच्यादेखत लपलो होतो, आणि कबुलीही त्यांच्यादेखतच द्यायची होती.

“उना का रे भाऊ!” आक्काचा चेहरा उजळला. “कव्हय उना?”

शाळेतली माझी घोटीव मराठी त्या क्षणी कामाची नव्हती. जी भाषा तिने मला शिकविली, तिच्यातच मी बोललो.

“मी जायेलच नव्हतू, आक्का. रोज आठेच बठेल व्हतू, तुन्हा डावा अंगले. तू हाका मारे, त्या माले आयकू येत. मी मुद्दाम ओ दिन्ही नई. मन्ही चूक व्हयनी, आक्का. माले माफ कर.”