पांढऱ्या डोळ्यांची भीती

भेटल्याबरोबर ती आधी तुमच्या डोळ्यांना हात घालायची. अंगठ्यानं खालची पापणी ओढायची, तुमची मान उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "बघू." चहा, खुशाली, बसायला सांगणं हे सगळं त्यानंतर. तुम्ही तिच्या दारात उभे असतात तर तुमचीही सुटका नव्हती.

आमच्या लालबागच्या चाळीत ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. सगळे तिला काकी म्हणत. नवरा गिरणी बंद पडली त्यानंतर लवकरच गेला. घरात ती आणि एकुलती लेक. शनिवारी सकाळी तिच्या दारापासून जिन्यापर्यंत माणसं बसलेली असायची. शिवडीच्या गोदामांतले हमाल, माझगावच्या बायका, कुणाच्या खांद्यावर मलूल पोर. काकी कावीळ उतरवायची. तळहातांना कसल्याशा पाल्याचा रस चोळायची, वरून चुन्याची निवळी ओतायची, आणि खालच्या परातीतलं पाणी बघता बघता पिवळंजर्द व्हायचं. मग मनगटावर सुईनं एक बारीक टोचणी. रक्ताचा थेंब आला की म्हणायची, "गेली."

सुई एकच होती. ती दिव्याच्या ज्योतीवर धरायची. गर्दी असली की तेही राहून जायचं.

एकदा मी गमतीनं हात पुढे केले. मला कसली कावीळ नव्हती, तरी परात पिवळी झालीच. मी तिच्याकडे पाहिलं. ती जराही ओशाळली नाही. "सगळ्यांतच थोडी असता गो," म्हणाली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परातीचं राहू द्या, पण तिच्या नजरेला लोक खरंच भ्यायचे. मसाल्याच्या दुकानात मिरच्या मोजून घेताना एकदा ती मध्येच थांबली. दुकानदाराच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "तुझे डोळे बरे नाहीत." तो हसला. महिनाभरानं तो इस्पितळात होता आणि मग दुकानावर त्याचा भाऊ बसू लागला. असं दोनतीनदा झाल्यावर काकी गॅलरीतून निघाली की समोरची माणसं नजर खाली वळवायला लागली. लग्नाच्या पंगतीत ती वाढायला आली तर लोक पानाकडे बघूनच "पुरे, पुरे" म्हणायचे.

हे डोळ्यांचं वेड कुठून आलं, ते तिनं मला एका दुपारी कोळंबी सोलता सोलता सांगितलं.

तिचं माहेर मालवणकडचं. तिचे भाऊ तिच्याहून पुष्कळ मोठे, चाळिशीच्या आसपास एकेक करून गेले, सगळे एकाच तऱ्हेनं. आधी डोळे पिवळे, मग पोट पाण्यानं टम्म, हातापायांच्या काटक्या. आई मात्र म्हातारी होईपर्यंत ठणठणीत राहिली. तिला काहीच झालं नाही, हाच तिचा गुन्हा ठरला. "आवशीन पोरां खाल्ल्यान, असा म्हणत गावात," काकी म्हणाली. "तिका हळदीकुंकवाक कोण बोलवी नाय. ती पाणवठ्यावर गेली की बायका पोरांना पदराखाली घेत."

"आणि तुम्हाला काय वाटायचं?" मी विचारलं.

तिनं एका कोळंबीचं डोकं मोडलं. "मी तिची मुलगी. पण रात्री तिच्याजवळ निजताना भीती वाटायची."

म्हणून ती गावातल्या एका म्हातारीकडून कावीळ उतरवायला शिकली. लग्न होऊन मुंबईला आली, लेक झाली, आणि रोज सकाळी शाळेत जाण्याआधी त्या पोरीच्या पापण्या ओढून बघू लागली. शंखासारखे पांढरे डोळे. रोज.

लेक लग्न होऊन प्रभादेवीला गेली. तिला दिवस गेले तेव्हा दवाखान्यात नेहमीच्या रक्ततपासण्या झाल्या आणि एका कागदावर हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आलं. सासूनं तिचं ताट-भांडं वेगळं काढलं. दुसऱ्या दिवशी पोरगी पिशवी घेऊन आईच्या दारात उभी.

काकीनं तिला खिडकीशी ओढलं. एक पापणी खाली केली, मग दुसरी, मग परत पहिली. "पांढरे आहेत," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, जणू मी काही आरोप केला होता, "पांढरेच आहेत गो!" काकीला घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टर तरुण होती, पण घाई न करणारी. तिनं काकीचंही रक्त तपासायला लावलं. काकीच्या रक्तातही तेच निघालं.

"मला तर कधीच काही झालं नाही," काकी म्हणाली.

"पुष्कळांना होत नाही, काकी. हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं गप्प बसतो. डोळे पांढरे, भूक चांगली, माणूस कामाला जातोय. आत लिव्हर खराब होत असतं."

"येतो कुठून?"

"रक्तातून. शरीरसंबंधातून. दुसऱ्यावर वापरलेलं ब्लेड, सुई, गोंदणाचं हत्यार, यांतून. आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. तान्ह्या बाळाला झाला तर तो बहुधा जन्मभर राहतो. तुम्हाला तुमच्या आईकडूनच आला असणार."

"ताटातून?" लेकीनं हळूच विचारलं.

"नाही. एका ताटात जेवा, मिठी मारा, पापे घ्या, काही होत नाही. सासूबाईंना घेऊन या, मी सांगते त्यांना. तुम्हाला गोळ्या सुरू करू, नवऱ्याचं रक्त तपासू आणि त्याला लस देऊ. बाळाला जन्मल्या जन्मल्या दोन इंजेक्शनं द्यायची, एक लस आणि एक तयार प्रतिकारशक्तीचं. लसीचे पुढचे डोस मात्र चुकवायचे नाहीत."

बाहेर येऊन काकी बाकावर बसली. मग आपल्या गावच्या बोलीत, अगदी हळू, म्हणाली, "माझ्या आवशीन कोणाक खावक नाय." आईनं कुणाला खाल्लं नव्हतं. मला वाटलं, आता ती रडेल आणि मोकळी होईल. पण तिनं आपला उजवा हात समोर धरला. चिमटीत सुई असावी तसा.

"ती बिचारी काहीच जाणत नव्हती," ती म्हणाली. "पण माझी सुई?"

नात भर दुपारी जन्मली. दोन्ही इंजेक्शनं तिथल्या तिथं दिली गेली. सासू आली, अवघडून उभी राहिली आणि मग सुनेच्याच वाटीतला शिरा चमच्यानं चाखून "गोड कमी आहे" म्हणाली. तेवढीच तिची माफी. काकी मात्र बाळाला हात लावेना. मायलेकींना चाळीत आणलं तेव्हा काकी गॅलरीत बसायची आणि खिडकीच्या गजांतून आत बघत अंगाई म्हणायची. येणाऱ्याजाणाऱ्याला काळोख्या गॅलरीत फक्त तिचा आवाज ऐकू यायचा. शेवटी लेकीनं एक दिवस बाळ सरळ तिच्या मांडीत ठेवलं आणि आत निघून गेली. काकीनं हात वर धरले होते, आशीर्वाद देणाऱ्या मूर्तीसारखे. ते खाली यायला फार वेळ लागला.

सुई तिनं झाकणाच्या बाटलीत घालून दवाखान्यात देऊन टाकली. शनिवारी जमलेल्यांना म्हणाली, "आजपासून पाणी नाही, टोचणी नाही. रक्त तपासून घ्या. मी ज्यांना टोचलंय त्यांनी तर नक्की घ्या." कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. एक म्हातारा तरीही हात पुढे करून बसून राहिला.

मग ती जुन्या लोकांना शोधायला निघाली. तिला नावं आठवत नसत. मनगटं आठवत, डोळे आठवत. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर जायचे. शिवडीत एका बाईनं तिचं बोलणं अर्ध्यावर तोडून दार लावलं. माझगावच्या एकानं तपासणी केली होती आणि ती पॉझिटिव्ह आली होती. त्यानं दारातच विचारलं, "तुमच्यामुळे?"

"असेल," काकी म्हणाली. "नसेलही. दाढीच्या वस्तऱ्यानंही होतं, जन्मापासूनही असतं. सांगता येत नाही. पण डॉक्टरला सोडू नकोस. बायकोपोरांना तपास, नसेल त्यांना लस दे."

त्यानं आत बोलावलं नाही. पाणी विचारलं नाही. पण आम्ही जिना उतरेपर्यंत दारात उभा होता.

परत येताना शिवडीच्या नाक्यावर गोदामं सुटली होती. माणसांचा लोंढा अंगावर येत होता, धडधाकट, हसणारी, घामेजलेली माणसं. काकीनं माझा दंड घट्ट धरला. पूर्वी ती पिवळे डोळे दिसले की थबकायची.

"बघ," ती कुजबुजली. "किती पांढरे डोळे गो."

त्या दिवसापासून गर्दीतल्या निरोगी चेहऱ्यांकडे मला पूर्वीसारखं बघता येत नाही. तिथून आम्ही पायी घरी आलो.

नात वर्षाची झाल्यावर तिचं रक्त तपासलं. आजार नव्हता आणि लसीचं संरक्षण तयार झालं होतं. काकीनं डॉक्टरला ते पुन्हा वाचायला लावलं. तोवर तिचं स्वतःचं पोट पाण्यानं भरायला लागलं होतं. यकृतात गाठ होती, उपचारांना उशीर झाला होता. तिनं आरशात स्वतःची पापणी ओढलेली मी कधी पाहिली नाही. पावसाळा संपता संपता, एका शांत दुपारी, ती गेली. त्यानंतरही काही शनिवार माणसं जिन्यावर येऊन बसायची. मी त्यांना दवाखान्याचा पत्ता सांगायचे.

खोली रिकामी करायला लेक आली तेव्हा नात चांगली पळायला लागली होती. गॅलरीत धावताना ती आपटली, गुडघा फुटला, फरशीवर रक्त सांडलं. मी धावले, पण तिची आई जागची हलली नाही. तिनं आधी आपली बोटं उजेडात धरून उलटीपालटी पाहिली. सकाळी नारळ फोडताना एका बोटाला कापलं होतं. त्यावर तिनं पट्टी घट्ट चिकटवली. मगच पोरीला जवळ घेतलं, गुडघा धुतला, फुंकर घातली. पोर हुंदके देत शांत झाली.

ओलं फडकं हातात घेऊन ती फरशीजवळ उकिडवी बसली. पोरीच्या त्या लालभडक, निकोप थेंबाकडे बघत राहिली. किती तरी वेळ तिला तो पुसवेना.