शेवटचं कडवं आधी

“शेवटचं कडवं ऐकल्याबिगर कुणी उठायचं न्हाई!”

गाणं सुरू करण्याआधी ती एवढं म्हणायची, उजव्या हाताचं बोट वर करायची आणि समोरच्या गर्दीवरून एकदा सावकाश फिरवायची. मग मागे वळून माझ्याकडे बघायची. “भाऊ, तुमालाबी सांगायलेय. शेवटच्या कडव्याला ते आवाजाचं बटन फिरवू नका.”

ते भाऊ म्हणजे मी. परभणीत माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, सभा, जयंती, कुठेही बोलावलं की दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर आणि ट्रकची जुनी बॅटरी घेऊन मी हजर. गाणाऱ्यांची मला भारी चीड. भोंग्यानं शिट्टी मारली की दोष माईकचा, आवाज चिरकला की दोष माईकचा. पण या बाईनं कधी माईकला नाव ठेवलं नाही. बुटकी होती, म्हणून आल्या आल्या स्टँड खाली ओढायची आणि म्हणायची, “मी उंच व्हायची न्हाई, तूच वाक बाबा.”

आता तुम्ही म्हणाल, शेवटच्या कडव्याचं एवढं काय? जलशाला बसलेल्या माणसाला हे लगेच कळेल. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं, आमच्याकडे त्याला छाप म्हणतात. छाप आली म्हणजे गाणं संपलं, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे नाव कानावर पडण्याआधीच निम्मी माणसं चपला शोधायला लागतात. गाणं कुणाचं, हे ऐकायला बसतो कोण?

तिची छाप मात्र जगावेगळी होती. त्यात ती स्वतःचं नाव घालायची नाही, नवऱ्याचं नाही, बापाचं नाही. आईचं घालायची.

*गिरजाची लेक सांगे, कान देऊन ऐका रं,*
*जिच्या घशातून गाणं आलं, तिचं नाव राखा रं.*

गिरजाबाई मानवतला जिनिंगमध्ये सरकी निवडायची. दिवसभर धुरळ्यात बसून गाणी जुळवायची आणि शेजारच्या बायका ती उचलायच्या. कापूस जातो शेटजीच्या गाडीत, सरकी राहते पदरात, या अर्थाचं तिचं एक धृपद होतं. तेवढंच लेकीला आठवत होतं. त्यावर तिनं पाच कडवी बांधली. मी एकदा विचारलं, “स्वतःचं नाव का घालत नाही?” तर मलाच झापलं. “माझ्या आईचं नाव कुठं लिवलंय का बघा की. सातबारा न्हाई, शाळेचा दाखला न्हाई. जिनिंगच्या हजेरीत मुकादम ‘बाई एक’ म्हनून टिपायचा. आवो, गान्यात तरी ऱ्हाऊ द्या!”

आधी ती एका मास्तरांच्या गायन पार्टीत गायची. मास्तर पेटी सुरेख वाजवायचे, माणूसही तसा वाईट नव्हता, पण गाण्यांची वही छापून आली तेव्हा सरकीच्या गाण्यात गिरजाची लेक गायब आणि मास्तर हजर! हिला वाचता येत नव्हतं. पुतणीनं वाचून दाखवलं. त्याच आठवड्यात मानवतला कार्यक्रम होता. चार कडवी नीट म्हटली आणि पाचव्याला बोट वर करून आईचं नाव घेतलं. मास्तरांनी पेटी बंद केली. ढोलकीवाला गोंधळला. ही तशीच गात राहिली, उलट आणखी वरच्या पट्टीत. खरं सांगतो, मी त्या दिवशी बटण फिरवलं, पण उजवीकडे.

खाली उतरल्यावर मास्तर म्हणाले, “पार्टी माझी आहे.”

“असंल की. आई माझी हाय.”

झालं. तिनं स्वतःची पार्टी काढली. पेटीला एक शिंपी, ढोलकीला तोच गोंधळलेला गडी, कोरसला दोन नणंदा. हो, नणंदा! नवऱ्यानं हिला टाकलं होतं, पण नणंदांनी नाही. “भाऊ येडा हाय म्हनून आमी बी येडं व्हावं का?” असं थोरली नणंद सगळ्यांसमोर म्हणायची.

चौदा एप्रिलची जयंती आमच्याकडे एका दिवसात संपत नाही. ज्या गावाला ज्या दिवशी गायक मिळेल त्या दिवशी त्या गावाची जयंती, ते पार पाऊस तोंडावर येईपर्यंत. त्या उन्हाळ्यात आम्ही नवी गाणी घेऊन गावोगाव हिंडलो. कधी एसटीच्या टपावर भोंगे, कधी बैलगाडीत. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून बॅटरी डोक्यावर घेऊन चाललेलो मला अजून आठवतं, कारण मान आठवडाभर वाकडी होती. ही पुढे चालत मागे वळून हसायची. “भाऊ, अॅसिड सांडू नका, डोकं आधीच कमी हाय!”

तिकडच्याच एका गावात एक बडं प्रस्थ पहिल्या रांगेत येऊन बसलं. बिचाऱ्याचा हेतू चांगला असेलही. मधेच निरोप आला, बाईंनी शेवटच्या कडव्यात आमचं नाव घालावं, पार्टीला खुश करू. आमच्या मंडळींचा जीव खालीवर झाला, कारण परतीची गाडी त्या प्रस्थाचीच होती. हिनं माईक हातात घेतला.

“तुमचं नाव तलाठ्याच्या दप्तरात चांगलं पानभर हाय, मालक. तिथं माझ्या आईला एक ओळ द्या. मी तुमाला कडवंच्या कडवं देते!”

गर्दीत एवढा हशा पिकला की मालकही कसनुसे हसले. आम्ही मात्र सहा मैल पायी आलो.

त्या दौऱ्यात लोकांना सगळ्यात आवडलं ते सरकीच्या गाण्यातलं छापेच्या आधीचं, चौथं कडवं. ते तिच्या स्वतःच्या जगण्याचं होतं, दुष्काळी कामावरचं.

*नवऱ्यानं टाकलं मला, खडी फोडली रस्त्यावर,*
*मान न्हाई वाकली माझी, गाणं होतं ओठावर.*

हे आलं की पुढे बसलेल्या बायका पदराचं टोक तोंडात धरायच्या. वाकड्या मानेचा मीसुद्धा भोंग्याकडे बघायचा बहाणा करायचो.

मग मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला. त्यानं गाणं ऐकलं आणि बोलावणं धाडलं. ही मला म्हणाली, “तितला माईक वळखीचा न्हाई. मानूस तरी वळखीचा पायजे. चला.” मनमाडला गाडी बदलून आम्ही अख्ख्या पार्टीसकट गेलो.

काचेच्या खोलीत कंपनीच्या साहेबानं घड्याळ दाखवलं. रेकॉर्डच्या एका बाजूला मावतील एवढीच मिनिटं. पाच कडवी बसत नाहीत. “चार म्हणा. शेवटचं सोडून द्या बाई. त्यात काय, नुसतं नावच तर आहे.”

मला वाटलं, आता ही चप्पल घालणार आणि आम्ही आल्या पावली परभणीला. पण ही शांतपणे म्हणाली, “बरं. चार तर चार.”

मला तिचा राग आला. दोन रात्रींचा प्रवास करून हेच करायचं होतं का?

तांबडा दिवा लागला. तिनं स्टँड खाली ओढला, बोट वर केलं आणि पहिल्या शब्दालाच सुरू केलं, “गिरजाची लेक सांगे...”

शिंप्याची बोटं पेटीवर क्षणभर थांबली, मग धावली. छाप झाली, मग पहिलं कडवं, दुसरं, तिसरं आणि बरोबर वेळेत गाणं संपलं. साहेब तणतणत बाहेर आला. “हे काय केलंत?”

“चार कडवी. मोजा.”

“अहो, पण शेवटचं आधी?”

“शेवटाला लोकं उठून जातेत, साहेब. आता बघू कोन उठतंय.”

साहेबाला पुन्हा करून घ्यायचं होतं, पण बाहेर दुसरी पार्टी ताटकळत होती. म्हातारा रेकॉर्डिस्ट गालात हसत म्हणाला, राहू द्या. राहिलं.

परतताना मनमाडच्या फलाटावर बसलो होतो. मी कुरकुरलो, “आईचं राहिलं ते झकास. पण चौथं गेलं ना! तुमचं स्वतःचं. सगळ्यात भारी.”

ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, “माझं हाय ना ते? मी जितं जाईन तितं गाईन. आई कुठून येनारे गायला?”

मी तोंड फिरवलं. रडू यायला फलाट ही काही जागा नव्हे, पण आलं.

रेकॉर्ड आली आणि चहाच्या हॉटेलांतून, लग्नाच्या मांडवांतून दिवसभर गिरजाची लेक वाजू लागली. मास्तरांच्या पार्टीलासुद्धा तेच गाणं त्याच छापेसकट म्हणावं लागलं, कारण लोक ओरडायचे, “रेकॉर्डवर हाय तसंच म्हना!” ही मात्र प्रत्येक गावात पाचही कडवी म्हणायची.

पुढे दोनच वर्षं. काविळीचं निमित्त झालं. मी कुणाच्या तरी लग्नात भोंगा बांधत होतो, तिथे निरोप आला. भोंगा तसाच लोंबकळत टाकून गेलो, तरी पोचेपर्यंत उशीर झाला होता.

त्यानंतरच्या जयंतीला मानवतला एक कॉलेजातली मुलगी गायली. आवाज गोड. सुरुवात अर्थातच गिरजाच्या लेकीपासून. मग पहिलं, दुसरं, तिसरं. संपलं. टाळ्या झाल्या. मुलीचा काय दोष? तिनं गाणं रेकॉर्डवरूनच घेतलेलं. लोक उठले, बायका चपला शोधू लागल्या.

मी आयुष्यात माईकवर “हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग” याच्यापलीकडे काही बोललेलो नाही. आवाज माझा फाटका. पण पाय आपोआप स्टेजवर चढले. स्टँड त्या उंच मुलीच्या मापाचा होता, तो मी खाली ओढला. बोट वर केलं.

“कुठं उठायलाव? बसा! तिचं चौथं कडवं ऐकल्याबिगर कुणी उठायचं न्हाई.”

पुढच्या रांगेत थोरली नणंद होती. ती आधी बसली. मग तिच्या मागे सगळ्या बसल्या.