इंजिन पुढं लावलेला अँटेना

माझे वडील दौंडला रेल्वेत डबे जोडायच्या कामावर होते, आणि जगातली प्रत्येक वस्तू गाडीसारखीच जोडायची असते असं त्यांना वाटे. क्वार्टरमध्ये टीव्ही आला तेव्हा त्यांनी दुकानातला सगळ्यात मोठा, अकरा काड्यांचा अँटेना उचलला. दुकानदार म्हणत होता, सहा पुरतील. पण वडील रेल्वेचे. डबे जास्त म्हणजे माल जास्त.

त्यातली एक काडी सगळ्यात लांब होती. ते इंजिन, असं ठरवून वडिलांनी ते, जिकडून चित्र यायचं त्या पुण्याकडं तोंड करून बसवलं. महिनाभर आम्ही पडद्यावर मुंग्या बघितल्या. कुणी काही सुचवलं तर वडील म्हणत, हवा खराब आहे.

तशात मांडवगणहून निरोप आला, मामाची डाळिंबाची बाग शेतीच्या कार्यक्रमात दाखवणार. आईचा जीव वरखाली व्हायला लागला. दोन वर्षं तिचा भाऊ आणि नवरा एकमेकांशी बोलत नव्हते. ‘या रानात डाळिंब आलं तर मिशी काढीन,’ असं वडील भर पंगतीत बोलले होते आणि मामा ताटावरून उठला होता. तेव्हापासून आई माहेरी एकटीच जायची. नवऱ्यानं एकदा ती बाग बघावी, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या संध्याकाळी वडील पान्हा घेऊन स्लॅबवर चढले. मेव्हण्यासाठी नव्हे, अँटेनाच्या अब्रूसाठी. शेजारच्या गच्चीवर निवृत्त ड्रायव्हर आप्पा मिरच्या वाळवत होते. महिनाभर त्यांनी दम धरला होता.

“घाटात इंजिन मागं लावत्यात का न्हाई?” ते म्हणाले. “तसंच हाय हे. फिरवा.”

रेल्वेच्या भाषेत सांगितल्यावर वडिलांना लगेच पटलं. त्यांनी नट सोडला, अँटेना उलटा केला, आणि खाली लख्ख चित्र आलं. पण तेवढ्यात नट हातातून निसटून गटारात गेला. झालं, खांब हातानं धरून उभं राहण्यावाचून इलाज नव्हता. फेटा बांधलेला मामा पडद्यावर आला, बोलायला लागला, आणि नेमकी मालगाडी धडधडत निघाली. मी खिडकीत होतो, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. आईचा कान मात्र टीव्हीला चिकटलेला होता.

गाडी गेल्यावर वरून वडिलांनी विचारलं, काय म्हणाला.

आई दारात आली. “तुमचं नाव काढलं हो त्यानं. दाजींमुळंच बाग झाली म्हणला.”

वडिलांनी खांब सोडला. चित्र गेलं, त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. पुढच्या रविवारी ते मिशी काढून मांडवगणला गेले. मामानं ते कोरं तोंड बघितलं आणि काही न विचारता त्यांना मिठी मारली.

पुष्कळ वर्षांनी मी मामाला विचारलं, तू त्या दिवशी नक्की काय बोललास. वडील आसपास नाहीत हे त्यानं आधी बघून घेतलं.

“मी म्हणलो, आमच्या दाजींसारखी दीडशहाणी माणसं जे पीक येणार न्हाई म्हणत्यात, ते डोळं झाकून लावावं.”

मी आईकडं बघितलं. ती मेथी निवडत होती.

“मग?” ती म्हणाली. “दाजींमुळंच झाली, असंच झालं की ते.”