विंचला वाहिलेली लिंबं

माझ्या जीपसमोर लिंबाचं नाव काढू नका. का, ते सांगतो, पण चहा आधी संपवा. पिताना हसलात तर नाकात जाईल, आणि तो दोषही माझ्याच माथी येईल.

भीमपूरला माझी वांग्याची शेती. वांगी वाहायला एक जुनी जीप घेतली, तिच्या नाकाशी विंच होती. विंच म्हणजे विजेवर चालणारा रहाट. मोटर फिरते, पोलादी दोर गुंडाळला जातो आणि समोर फसलेली गाडी ओढली जाते. आमची विंच मात्र गंजून पार मुकी झालेली. लोक म्हणाले, काढून फेका. आता मला कोणी ‘फेका’ म्हटलं की मी ती वस्तू छातीशी धरतो, त्याला काय करणार?

मोटर उघडली, झिजलेले कार्बन बदलले, बॅटरी नवी, दोर नवा. गंजलेली चाकं रॉकेलमध्ये भिजत घातली, तीही मंदाच्या, म्हणजे बायकोच्या, परातीत. घरात मंदाचा भडका उडाला. शेवटी तिनं अट घातली, “एक तरी गाडी चिखलातून काढून दाखवा. नाईतं जीप भंगारात.”

मी म्हटलं, मंजूर. आणि कोणी फसतंय का, याची वाट पाहत बसलो. अशी वाट पाहू नये, पण पाहिली.

अवकाळी पाऊस झाला आणि माझे साडू रामकिसन कापसानं भरलेला टेम्पो घेऊन आपल्याच शेताच्या वाटेवर रुतले. त्यांचा फोन आला, “ट्रॅक्टर सांगू का?” मी म्हटलं, ट्रॅक्टरचं नाव काढाल तर नातं तुटेल. मंदाला घेऊन निघालो.

मला एक गोष्ट ठाऊक होती, विंच म्हणजे खेळ नव्हे. तुटलेला दोर माणसाला कापतो. म्हणून सगळा बंदोबस्त केला. हातात चामडी मोजे. दोराचं टोक टेम्पोला बांधलं आणि दोरावर जाड गोधडी, म्हणजे तुटला तरी उसळणार नाही. तुटून काचेवर येऊ नये म्हणून जीपचं बॉनेट उघडं. दोराजवळ कोणी फिरकायचं नाही आणि मी सांगेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. जीपचा हँडब्रेक कधीच वारला होता, म्हणून चाकांखाली चांगले मोठे दगड. सांगा, काही राहिलं?

मंदा म्हणाली, पूजा राहिली. खरंच होतं. आपल्याकडे पूजेशिवाय यंत्राला हात कोण लावतो? नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. चाकांखाली लिंबं ठेवायची तर दगड आड येत होते. मी दगड काढून बाजूला ठेवले आणि लिंबं ठेवली. नंतर जीप जराशी पुढं घेऊन लिंबं फोडायची आणि दगड परत लावायचे, असं मनात होतं.

तेवढ्यात आभाळ पुन्हा भरून आलं. कापूस भिजेल म्हणून रामकिसन घायकुतीला आले. मी घाईनं जीपमध्ये बसलो, इंजिन चालू ठेवलं आणि बटण दाबलं.

विंच फिरली हो! काय तो आवाज! समोर उघडं बॉनेट, त्यामुळे दिसत होतं ते फक्त टेम्पोवरचं कापसाचं टोक. आणि ते टोक हळूहळू जवळ येत होतं. जीप इंजिन चालू असलं की तशीही थंडीताप आल्यासारखी हालते, त्यामुळे मला वेगळं काही जाणवलं नाही. माझे डोळे भरून आले. मनात म्हटलं, बघा, भंगार म्हणत होता ना? मी बटण आणखी घट्ट दाबलं.

मंदा दाराशी आली. चार पावलं जीपसोबत चालली. मग शांतपणे म्हणाली, “आवं, टेम्पो नाई येऊन राह्यला. तुमीच चालले.”

खाली पाहिलं. लिंबं केव्हाच फुटली होती. दगड मागं राहिले होते आणि जीपचं नाक चिखलात.

“मंग सांगितलं काऊन नाई?”

“तुमीच म्हनले नं, तोंड उघडू नोका.”

मग सगळ्यांनी कापसाचे गठ्ठे डोक्यावर वाहून शेतातल्या छपरात नेले. सगळ्यात जास्त गठ्ठे मी नेले, शरमेनं. दोर सोडताच हलका झालेला टेम्पो रिव्हर्समध्ये स्वतःच्या जोरावर निघून शेतात परत गेला. जीप मात्र तिथंच. रामकिसननी दबकत पुन्हा ट्रॅक्टरचं विचारलं. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही! दगड उचलून टेम्पोच्या चाकांखाली लावले, स्वतः दोनदा हलवून पाहिले, दोर त्याला बांधला आणि बटण दाबलं. माझी जीप त्या दोरावर स्वतःला ओढत, चिखल कापत, पलीकडे शेताच्या बाजूला निघाली.

मी छाती फुगवून मंदाला म्हटलं, “काढली की नाई एक गाडी चिखलातून?”

“काढली,” ती म्हणाली. “घातली बी तुमीच. आन् घर त्या बाजूले राह्यलं.”

चिखल वाळेपर्यंत जीप साडूच्या शेतात उभी होती. भंगारात मात्र गेली नाही, अट मी पूर्ण केली होती. वांगी तेवढी डोक्यावर वाहिली.