रिकाम्या खुर्चीकडे बघणारी आई

आई गेली त्याच्या आदल्या रविवारी मी आष्ट्याजवळच्या आमच्या गावी गेले होते. ती सोप्यात बाजेवर पडून होती आणि मी तिच्यासमोर आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, काळी ट्रंक उघडून बसले होते. दरवर्षी दसऱ्याआधी त्यातली पत्रं, कागद, फोटो सावलीत पसरून त्यांना वारं द्यायचं आणि नवा कडुनिंबाचा पाला घालून परत बांधून ठेवायचं, हे काम तिनं जन्मभर केलं. यंदा हातांत बळ नव्हतं, म्हणून मला बोलावलं. मग पडल्या पडल्या माझ्या चुका काढत राहिली. कागद उन्हात सरकलाय, घडी उलटी घातलीस, पाला ओला आहे... कागद फौजेतले आणि शिस्तही तिथलीच. मध्येच ती भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाली, "मी गेल्यावर त्येंच्या शेजारी माजा आत्ताचा फोटू नगं लावूस. मला वळखायचं न्हाईत त्ये." मी हसले. तीही हसली.

गुरुवारी सकाळी चुलतभावाचा, महादेवचा, फोन आला. "आक्का, लगीच ये," एवढंच तो बोलला. त्याचा आवाज ऐकूनच मला कळलं होतं, तरी कराडच्या माझ्या घरापासून गावापर्यंत मी स्वतःला समजावत होते की दवाखान्यात नेलं असेल.

एकाहत्तरच्या लढाईत आबा गेले तेव्हा मी तान्ही होते. त्यांनी मला पाहिलंच नाही. मी झाल्याचं पत्र त्यांना पोचलं होतं, पण त्यांचं उत्तर तारेच्या मागून आलं. आधी ते गेल्याची तार, आणि काही दिवसांनी त्यांच्या हातचं पत्र... पोरीचा आणि तुझा फोटो काढून पाठव. आईला वाचता येत नव्हतं. आजोबांनी वाचून दाखवलं. पुढं मी वाचायला शिकल्यावर ते काम माझ्याकडे आलं. फोटोची ती ओळ आली की आई म्हणायची, "परत वाच." मी परत वाचायची.

वर्ष व्हायच्या आतच आई आजोबांना घेऊन कराडच्या फोटो स्टुडिओत गेली. दुःखातल्या बाईला फोटोची हौस कसली, म्हणून भावकीनं नाकं मुरडली. त्यांनी सांगितलंय, एवढंच तिचं उत्तर. स्टुडिओवाल्यानं तिच्या मांडीवर मला दिलं आणि शेजारी एक रिकामी खुर्ची ठेवली. आबांचा वर्दीतला बसलेला फोटो नंतर तिथं जोडायचा होता. समोर बघा, समोर बघा, असं तो सांगत राहिला, पण आई त्या खुर्चीकडेच बघत बसली. फोटो तसाच निघाला. मग त्यानं आबांना खुर्चीवर बसवलं आणि आईच्या मोकळ्या कपाळावर ब्रशनं कुंकू काढलं. नवरा शेजारी असताना कपाळ मोकळं कसं ठेवायचं, असं म्हणाला म्हणे.

हाच फोटो आमच्या भिंतीवर होता. शाळेतल्या मैत्रिणींना मी मुद्दाम घरी आणून तो दाखवायची. आबांनी मला कडेवर घेऊन स्टुडिओत नेलं होतं, असंही ठोकून द्यायची. आठवी-नववीत असताना ट्रंकेत त्याची दुसरी प्रत दिसली. आई, मांडीवर मी आणि रिकामी खुर्ची. मला फसवलंस म्हणून मी रडून घर डोक्यावर घेतलं. आईनं मला रडू दिलं. मग ती प्रत हातात घेऊन म्हणाली, "त्येनी मागितलेला फोटू हाय ह्यो. पाठवायचा कुटं, त्येवढंच कळलं न्हाई मला."

तेराव्याला महादेवनं मायेनंच सगळं केलं. जुना फोटो उतरवून त्या जागी आबांचा मोठा केलेला फोटो लावला आणि शेजारी आईचा, गेल्या वर्षी एका लग्नात काढलेला, रंगीत. दोन्हींना हार. मी कामाच्या गडबडीत होते, भिंतीकडे बघितलंच नाही. दुपारी मलकापूरच्या नात्यातली एक बाई भेटायला आली. घरात पहिल्यांदाच आलेली. तिनं फोटोंना हात जोडले आणि हळहळून विचारलं, "लेकबी गेलाय व्हय ह्यांचा?"

चोविशीतले आबा आणि शेजारी सत्तरी ओलांडलेली, दात पडलेली माझी आई. मी मागच्या दारी गेले आणि पोटभर रडले. सगळा जन्म ज्यांच्या नावावर काढला, त्यांच्या शेजारी ती परकी दिसत होती, आणि हे तिला आधीच ठाऊक होतं.

पाहुणे गेल्यावर मी दोन्ही फोटो उतरवले. महादेवला सगळं सांगितलं. तो स्टूल धरून उभा राहिला आणि मी जुना फोटो परत लावला. त्यात आई विशीचीही नाही. कपाळावर ते रंगवलेलं कुंकू आहे आणि ती अजून आबांकडेच बघते आहे. आता ओळखतील तिला.

ट्रंक मी कराडला माझ्याकडे आणली. परवा तिच्यात पाला घातला, नीट वाळवलेला. आबांचं पत्र रिकाम्या खुर्चीच्या फोटोवर ठेवण्याआधी मोठ्यानं वाचलं. पोरीचा आणि तुझा फोटो काढून पाठव... तिथं मी सवयीनं थांबले. घरात कुणीच काही म्हणालं नाही. मग मी परत वाचलं.